देशमाने बाईंचे लांबचे देश

“नुसतं बोलायचे पैसे?”

हा प्रश्न ऐकता ऐकता माझे केस पिकले. कोथरूडमध्ये एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, माझं छोटं ऑफिस होतं. पाटीवर लिहिलेलं होतं ‘गुंतवणूक सल्लागार’, आणि आत विकायला काहीच नव्हतं. पॉलिसी नाही, फंड नाही, प्लॉट नाही. समोरच्या माणसाने आपले पैसे कुठे ठेवावेत आणि मुख्य म्हणजे कुठे ठेवू नयेत, एवढं सांगायचं आणि त्याची फी घ्यायची. पुणेकराला फी हा शब्द डॉक्टर आणि वकील सोडून तिसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकवत नाही. “अहो, बँकेतला माणूस फुकट सल्ला देतो, वर चहा पाजतो,” असं एक गृहस्थ मला ऐकवून गेले. मी म्हटलं, “मग आधी तो चहा पिऊन या. महाग पडला की माझ्याकडे या.” आले बिचारे, वर्षभराने.

आता ऑफिस बंद केलं आहे. दिवाळी अंकासाठी लिही म्हणून एका संपादक मैत्रिणीने गळ घातली तेव्हा घरातून सूचना आली की शेअरच्या टिपा दे, अंक हातोहात खपेल. टिपा माझ्याकडे कधीच नव्हत्या. माणसं होती. त्यांतल्या एकाच बाईंबद्दल लिहिते, कारण त्यांच्या नादाने मी साठी उलटल्यावर पुन्हा भूगोल शिकले.

त्याआधी माझी कामाची एक पद्धत सांगते. कोणी काही नवं घ्यायला निघालं की मी एकच विचारायचे, “हे पैसे बुडतील कसे, ते मला तुमच्या शब्दांत सांगा.” मिळतील किती, ते नको. ते सगळ्यांना तोंडपाठ असतं. बुडायचं सांगता आलं नाही तर माझा सल्ला ठरलेला, अजून घेऊ नका. लोक भडकायचे. सूसकडच्या एका शेतकरी घरातले दादा जमिनीचे पैसे आले म्हणून विचारायला आले होते. “ओ म्याडम, सणासुदीचं जरा शुभ बोला की! बुडायचं काय इचारताय?” थोड्या वेळाने तेच कान खाजवत म्हणाले, “बुडायचंच म्हणलं तर... मेव्हणा म्हणतोय त्या स्कीमचं हापीस कुठं हाय, ते म्या अजून बघितलं नाय.” एवढं बोलले, उठले आणि तडक मेव्हण्याकडे गेले. माझी फी तेवढी विसरले.

तर देशमाने बाई. माझे वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात होते. आम्ही तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायचो आणि जवळच्या शाळेत बाई आम्हाला भूगोल शिकवायच्या. तेव्हा त्या नुकत्याच नोकरीला लागलेल्या, शिडशिडीत आणि भयंकर कडक. नकाशात मी गोदावरी अरबी समुद्राला नेऊन मिळवली म्हणून त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. पुढे त्याही कोथरूडला राहायला आल्या. यजमान गेल्यावर सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये एकट्याच असायच्या. पंचाहत्तरीला टेकलेल्या त्या बाई एक दिवस माझा जिना चढून आल्या, खुर्चीत बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, “शुभा, फ्रंटियर मार्केटचा ईटीएफ घ्यायचा असेल तर नवख्या माणसाने सुरुवात कुठून करावी?”

मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, “बाई, गुडघे कसे आहेत?”

“गुडघ्यांचं सगळेच विचारतात. मी तुला काय विचारलं?”

वाचकांपैकीही काहींच्या भुवया वर गेल्या असतील, म्हणून सांगते. जगातल्या शेअर बाजारांची ढोबळ वर्गवारी करतात. अमेरिका, जपान, जर्मनी वगैरे विकसित. भारत, ब्राझील हे उभरते. त्याच्या खालच्या पायरीवरचे ते फ्रंटियर. व्हिएतनाम, केनिया, रोमानिया, कझाकस्तान, मोरोक्को, बांगलादेश अशी नावं त्यांत येतात. देश गरीबच असला पाहिजे असं नाही. पण बाजार लहान, कंपन्या थोड्या, आणि परक्या माणसाला पैसा आत नेणं आणि बाहेर काढणं जिकिरीचं.

आणि ईटीएफ म्हणजे भोगीच्या भाजीचा वाटा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मंडईत भाजीवाल्या गाजर, पावटा, ओला हरभरा, वांगं, बोरं असा तयार वाटा करून विकतात. एकेक जिन्नस निवडत बसायचं नाही, आणि ‘वांगं काढून घ्या’ असंही म्हणायचं नाही. तसा हा फंड. पुष्कळ देशांतल्या पुष्कळ कंपन्यांचा तयार वाटा, आणि तो शेअरसारखाच बाजारात दिवसभर विकला जातो. फ्रंटियर देशांचा असा वाटा अमेरिकेच्या बाजारात मिळतो. म्हणजे तिकडे खातं उघडायचं, आपल्या बँकेतून डॉलर पाठवायचे आणि दरवर्षी आयकराच्या विवरणपत्रात ते इमानाने सांगायचं. पुण्यात बसून एवढा उपद्व्याप करणारे लोक मी फार थोडे पाहिले, आणि त्यांत निवृत्त शिक्षिका एकच.

“बाई, हे तुमच्या डोक्यात आलं कुठून?”

“अगं, मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं. केनिया, मुख्य पिकं चहा आणि कॉफी. व्हिएतनाम, मुख्य पीक भात. पुढे प्रश्नोत्तरं लिहून घ्या. त्या चहाचे पैसे कोणाच्या बँकेत जातात, तिथली माणसं कर्ज काढून काय घेतात, हे एकाही मुलाने मला विचारलं नाही आणि मलाही माहीत नव्हतं. आता वेळ आहे. थोडे पैसे लावले की मी रोज बघेन. नुसतं वाचायचं म्हटलं तर मला झोप लागते.”

पैसे लावण्याचं इतकं प्रामाणिक कारण मी तोवर ऐकलं नव्हतं. तरी पद्धत ती पद्धत. मी विचारलं, “बुडतील कसे?”

“बाजार पडला तर.”

“हे कोणीही सांगेल. घरी जाऊन तयारी करून या.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मला घरचा अभ्यास?”

“हो.”

“बरं,” म्हणाल्या आणि उठल्या. जिना उतरताना कठड्याला धरून चक्क गुणगुणत होत्या.

पुढचे काही आठवडे त्यांचे फोन सुरू झाले. “शुभा, व्हिएतनामात दुधाची एक मोठी कंपनी आहे, आपल्या कात्रजला डेअरी आहे तशी. पण तिथे पूर्वी लोक फारसं दूध पीत नसत म्हणे. मग आता का पितात गं?” मला काय माहीत! “केनियात भाजीवालीसुद्धा मोबाईलवरून पैसे घेते, आपल्याकडे आलं त्याच्या कितीतरी आधीपासून. तुला ठाऊक होतं?” नव्हतं. “कझाकस्तानात युरेनियम निघतं. आमच्या पुस्तकात फक्त गवताळ प्रदेश आणि घोडे होते.” मी आधी हं, हं करायचे. मग माझ्या लक्षात आलं की भाजी चिरताना मीही व्हिएतनामच्या दुधाचा विचार करते आहे. इतकी वर्षं या धंद्यात काढून मी देशांकडे फक्त टक्क्यांच्या रूपात पाहिलं होतं, आणि त्याचं मला तेव्हा खरंच वाईट वाटलं.

मग बाई डॉलर पाठवण्याची चौकशी करायला बँकेत गेल्या. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “व्हिएतनामला कोण असतं तुमचं?” बाई म्हणाल्या, “अजून कोणी नाही.” एवढ्याने काम झालं. त्या शाखेतल्या अधिकाऱ्याने खात्यावर वारस म्हणून नाव असलेल्या बाईंच्या मुलाला फोन लावला. त्या माणसाला मी दोष देणार नाही. बाईंच्याच सोसायटीतले एक काका व्हॉट्सॲपवरच्या कुठल्याशा बनावट ट्रेडिंग ग्रुपला भुलून आयुष्यभराची पुंजी घालवून बसले होते. एकटी बाई, वय झालेलं, आणि परदेशी पैसे पाठवायची भाषा. कोणालाही शंका आली असती.

दुसऱ्या दिवशी बाईंचा मुलगा समीर माझ्या ऑफिसात हजर. हिंजवडीला आयटीत मोठ्या हुद्द्यावर, राहायला बाणेरला. बरोबर बाईही होत्या, पण कशा, तर शाळेतून पालकांना बोलावल्यावर मूल बसतं तशा.

“मॅडम, सॉरी टू से,” समीर म्हणाला, “पण आईच्या वयाच्या माणसाला केनिया-बिनिया सजेस्ट करणं इज नॉट राइट.”

“मी सुचवलं नाही,” मी म्हटलं. “त्यांनी मला सुचवलं.”

“तेच तर! आय ॲम वरीड. शी इज ॲन ईझी टार्गेट. मी ठरवलंय, तिचं मोबाईल बँकिंग बंद करायचं, सगळे व्यवहार मी बघणार. तिला लागतील तेवढे मी देत जाईन. तुम्ही फक्त तिला समजावा. तुमचं ऐकेल ती.”

मी बाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “शुभा, मी त्याला कबूल केलंय. तू म्हणालीस की मला हे झेपणार नाही, तर मी सगळं त्याच्या हातात देते. पण एकदा दिलं की ते परत मागता येत नाही, हेही मला कळतं. मग भाजीला निघाले तरी आधी त्याला विचारायचं.”

“आई, असं काय बोलतेस? मी कधी नाही म्हणेन का तुला?”

“नाही म्हणणार नाहीस रे. पण विचारावं लागेलच ना.”

एका फंडाचा प्रश्न असता तर मी झटकन ‘राहू द्या बाई’ म्हणून मोकळी झाले असते. सुरक्षित सल्ला तोच होता. पण माझ्या एका ‘राहू द्या’ने बाईंचं उरलेलं आयुष्य मुलाच्या परवानगीवर चालणार होतं. मी समीरला म्हटलं, “माझी एक पद्धत आहे. सगळ्यांना लागू. बाई, घरचा अभ्यास झालाय?”

“झालाय.”

“मग सांगा, पैसे बुडतील कसे?”

बाई सावरून बसल्या. पदर खांद्यावर घेतला. आणि तोच तो जुना वर्गातला आवाज!

“पहिलं म्हणजे चलन. तिथला शेअर वर गेला तरी तिथला पैसा डॉलरपुढे आपटला, तर माझ्या हाती नुकसानच. दुसरं, पैसा अडकणं. एखाद्या देशाची डॉलरची तिजोरी रिकामी झाली की सरकार म्हणतं, आता बाहेर नेऊ नका. फंडाचे पैसे तिथेच बसतात. असं झालेलं आहे, मी वाचलं. तिसरं, गिऱ्हाईकच नाही. घाबरून सगळे विकायला निघाले तर घेणार कोण? चौथं मला फार गमतीचं वाटलं. एखाद्या देशाचा बाजार सुधारला की त्याला वरच्या वर्गात घालतात आणि या फंडाला तो काढावा लागू शकतो. म्हणजे हुशार मूल पुढे गेलं आणि माझ्या वर्गाचा निकाल घसरला! आणि पाचवं, फंडच लहान आहे म्हणून चालवणाऱ्यांनी तो गुंडाळला, तर त्या दिवशी जो भाव असेल तो हातात.”

समीर मध्येच म्हणाला, “आई, हे पाठ केलंयस तू.”

“मग? न वाचता कोणाला येतं?”

मी शेवटचं विचारलं. आवाज जरा बारीक झाला माझा. “बाई, आणि सगळंच गेलं तर?”

“तर मला वाईट वाटेल. दोन-चार दिवस जेवण गोड लागणार नाही. पण पेन्शन आहे, औषधांच्या ठेवी मी मोडलेल्या नाहीत, आणि समीरपुढे हात पसरायची वेळ येणार नाही. हे माझ्या पुंजीतलं चिमूटभर आहे. लोक तेवढ्यात काशीयात्रा करतात. मी ही यात्रा करते. आणि तेही एकदम घेणार नाही, अर्धे आता, अर्धे काही महिन्यांनी. शिवाय भाव बांधून घेणार, ठरवलेल्याच्या वर गेला तर घेणारच नाही; मिळेल त्या भावाने नाही.”

मी समीरला म्हटलं, “यांना झेपेल. माझ्याकडे आलेल्या फार थोड्या लोकांनी इतकं नीट सांगितलं आहे.” फी मागितली. समीरने दिली, पण ‘नुसतं बोलायचे पैसे’ असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलं होतं.

तरी तो पुरता तयार झाला नव्हता. बँकिंग बंद करायचा विषय तात्पुरता मागे पडला, एवढंच. त्याने अट घातली की पहिली खरेदी तो स्वतः करेल, ती नीट पार पडली तर पुढचं बघू. त्याच्या बायकोने, ऋजुताने, त्यात भर घातली की नव्या गुंतवणुकीची सुरुवात लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावरच व्हावी. बाईंना एखाद्या साध्या बुधवारी, बाजार स्थिरावल्यावर घ्यायचं होतं. पण घरात शांतता हवी म्हणून त्यांनी मान डोलावली. मला फराळाचं आमंत्रण आलं.

मी समीरला बजावलं होतं, “यंदा दिवाळीत अमेरिकेचा बाजार आपल्या संध्याकाळी सातला उघडतो. उघडल्या उघडल्या घेऊ नका. त्या वेळी फंडातल्या बहुतेक देशांचे बाजार बंद झालेले असतात, त्यामुळे वाट्याची खरी किंमत किती, याचा अंदाज बांधायलाही जरा वेळ लागतो. त्यात हा फंड फारसा कोणी घेत-विकत नाही. थोडं थांबा, आणि भाव बांधून ऑर्डर द्या.”

“मॅडम, मी रोज यापेक्षा कॉम्प्लेक्स सिस्टिम्स हँडल करतो,” तो हसून म्हणाला.

लक्ष्मीपूजनाला बाईंचा हॉल कसा छान दिसत होता! चौरंगावर लक्ष्मी, लाह्या-बत्तासे, झेंडूची आरास. बाईंनी ठेवणीतली नारायणपेठी नेसलेली. पूजा आटोपली. बाईंचा मोबाईल समीरच्या हातात होता, कारण खातं बाईंचं आणि ॲप त्यांच्याच फोनवर. डॉलर आधीच पोचलेले होते. सात वाजले. ऋजुता पंचांग घेऊन उभी. “अहो, ही शुभ वेळ संपत आली, घ्या ना पटकन!” समीरने भाव बांधून ऑर्डर टाकली, ती लागेना. भाव सारखा हलत होता. “अहो, वेळ गेली हं!” तिने पुन्हा घाई केली.

“समीर, थांब,” बाई म्हणाल्या. “आज नाही लागली तर उद्या.”

“अगं, एक मिनिट,” म्हणून त्याने ऑर्डर बदलली, मिळेल त्या भावाने द्या अशी केली, आणि बटण दाबलं. लगेच लागली. ऋजुताने टाळ्या वाजवल्या, लक्ष्मीला हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

पेढा तोंडात असतानाच मला समीरचा चेहरा दिसला. ज्या भावाला खरेदी झाली होती तो बाईंनी ठरवलेल्या भावाच्या बराच वर होता. आम्ही फराळ करता करता तो पडद्याकडे बघत राहिला आणि थोड्याच वेळात भाव निमूटपणे जिथे असायला हवा तिथे येऊन बसला. देश तेच, कंपन्या त्याच. घाईपायी एका चांगल्या साडीचे पैसे गेले होते. फार मोठा फटका नव्हे.

“अगं, लिक्विडिटीच नव्हती, घेणारे-विकणारेच कमी,” समीर सांगायला लागला. “घेण्या-विकण्याच्या भावातला स्प्रेड एवढा वाइड असेल असं मला... आणि ही मागे घाई करत होती, सो टेक्निकली...”

“म्हणजे चूक झाली का?” बाईंनी विचारलं. रागाने नव्हे. खरोखरच माहिती हवी असल्यासारखं.

समीर म्हणाला, “हो. झाली.”

“बरं. मग उद्यापासून तुझे बँकेचे व्यवहार मी बघू का?”

ऋजुता हसायला गेली, पण बाई हसत नव्हत्या. मला कुठे बघावं ते कळेना. मी ताटलीतल्या चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करत बसले.

“आई, एकदाच चुकलं ना माझं.”

“हो ना. मला तर तू एकदाही चुकू देणार नव्हतास.”

एवढं म्हणताना बाईंचा आवाज कापला. इतक्या वर्षांत मी तो कापलेला कधी ऐकला नव्हता. चाळिशी ओलांडलेला तो मोठा साहेब कानापर्यंत लाल झाला होता. मग त्याने हातातला बाईंचा मोबाईल झब्ब्याला पुसला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

“पुढचे अर्धे तूच घे,” तो म्हणाला. “मी शेजारी बसतो.”

“बस,” बाई म्हणाल्या, “पण हात लावू नकोस.”